वर्षभर काम, मार्चमध्ये खातं रिकामं: अनियमित कमाईतला नेहमीचा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

मी नारायण पेठेत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. लग्नाचे फोटोग्राफर, पौरोहित्य करणारे गुरुजी, मेंदी काढणाऱ्या मुली, घरोघरी जाऊन शिकवणारे तबल्याचे मास्तर, फर्निचरची कामं घेणारे सुतार. यांतल्या कुणालाच एक तारखेला पगार येत नाही. माझ्या घरातही तेच आहे, कारण नवरा नाटकांची प्रकाशयोजना करतो. प्रयोग लागले तर पैसे, नाही लागले तर नाही.

गेली चौदा वर्षं दर मार्चमध्ये कुणी ना कुणी समोर बसून एकच वाक्य बोलतं: "ताई, यंदा काम भरपूर झालं, पण पैसा गेला कुठे तेच कळत नाही." पाडव्याला ठरवलेलं ध्येय वहीच्या पहिल्या पानावर तसंच असतं. माणूस स्वतःला दोष देत असतो, घरात एकमेकांना दोष देणं सुरू झालेलं असतं. ते बघवत नाही, कारण बहुतेक वेळा दोष कुणाच्या उधळपट्टीत नसतोच. पैसा येण्याच्या आणि जाण्याच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मधे साठवणीची सोय नसते.

आधी लक्षणं बघा.

- जूनमध्ये शाळेची फी क्रेडिट कार्डावर जाते आणि ते बिल दिवाळीपर्यंत फिटत नाही.
- जुलै-ऑगस्टमध्ये एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचा, हप्ता परत जातो आणि बँक वर दंड कापते.
- भर सीझनमध्ये केलेली मुदत ठेव पाच-सहा महिन्यांत मोडावी लागते. दरवर्षी.
- खात्यात आज 80 हजार दिसत असले, तरी त्यातले स्वतःचे किती हे सांगता येत नाही.
- चांगल्या महिन्यात हातउसने फेडले जातात, कोरड्या महिन्यात पुन्हा घेतले जातात.

यातली दोन लक्षणं जुळली तर खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तीन-चारांना एक पैसा लागत नाही. क्रम मोडून थेट शेवटच्या उपायाला, म्हणजे "जास्त काम घेऊ" किंवा "कर्ज काढू" याला, हात घालू नका. गळक्या टाकीत जास्त पाणी सोडल्यासारखं होतं ते.

पहिली तपासणी: बारा महिने एका कागदावर

गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक महिन्यात आलेली रक्कम एकाखाली एक लिहा. रोख मिळालेलं आणि यूपीआयने आलेलंसुद्धा. खर्च आत्ता लिहू नका.

हे एवढ्यासाठी की आपल्याला मोठे महिने लक्षात राहतात. एका फोटोग्राफरला मी विचारलं, महिन्याला सरासरी किती मिळतात? तो म्हणाला, लाखाच्या आसपास. कागदावर हे निघालं: एप्रिल 85 हजार, मे 1 लाख 10 हजार, जून 30 हजार, जुलै 12, ऑगस्ट 18, सप्टेंबर 25, ऑक्टोबर 22, नोव्हेंबर 60, डिसेंबर 1 लाख 5 हजार, जानेवारी 48, फेब्रुवारी 90, मार्च 40. बेरीज 6 लाख 45 हजार, म्हणजे महिन्याला 54 हजारांच्याही आत. लाखाच्या वर गेलेले महिने वर्षात दोनच होते आणि ध्येय त्या दोन महिन्यांवर बेतलेलं होतं.

दुसरी तपासणी: खात्यातले पैसे तुमचे आहेत का?

आता त्याच कागदावर शेजारी धंद्याचा खर्च लिहा. या फोटोग्राफरचा सहायक, अल्बमची छपाई, प्रवास, हार्ड डिस्क, सगळं मिळून ढोबळ 30 टक्के जात होतं. म्हणजे 6 लाख 45 हजारांतले 4 लाख 51 हजार 500 त्याचे. महिन्याला साडेसदतीस हजारांच्या जरा वर. लाखावरून आपण इथे आलो.

ॲडव्हान्सच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. मेंदी काढणाऱ्या एका मुलीकडे ऑक्टोबरमध्ये डिसेंबरच्या लग्नांचे 40 हजार आगाऊ आले होते. तिने त्यातून दिवाळी केली, आईला साडी घेतली. त्यात चुकीचं काही वाटत नाही, पण काम व्हायचं होतं, कोन आणि मदतनीस मुलींचे पैसे द्यायचे होते, आणि दोन लग्नं पुढे गेल्यावर पैसे परत मागितले गेले. काम पूर्ण होईपर्यंत ॲडव्हान्स ही आपल्याकडे ठेवलेली दुसऱ्याची रक्कम समजायची. जीएसटी लावून बिल करत असाल तर तो कर पहिल्या दिवसापासून सरकारचा.

तिसरी तपासणी: तुमचं वर्ष कुठून सुरू होतं?

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, ते करासाठी. ध्येयासाठी तेच धरायचं कारण नाही. लग्नाच्या कामावर जगणाऱ्याचं वर्ष तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं आणि आषाढ लागला की उतरतं. गुरुजींची धावपळ श्रावणात आणि गणपतीत. क्लास घेणाऱ्यांचं वर्ष जूनपासून.

फोटोग्राफरचा हिशेब नोव्हेंबरपासून पुन्हा मांडला. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत 5 लाख 38 हजार आले. धंद्याचे 30 टक्के काढले, राहिले 3 लाख 76 हजार 600. घरखर्च महिन्याला 28 हजार, सात महिन्यांचे 1 लाख 96 हजार. म्हणजे मे संपताना त्याच्याकडे 1 लाख 80 हजार शिल्लक हवी. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत मात्र धंद्याचा खर्च वजा जाता 75 हजारांच्या आसपास येतात आणि घराला 1 लाख 40 हजार लागतात. तूट 65 हजारांची.

एप्रिलपासून वर्ष मोजलं की दोन भरगच्च महिने संपतात न संपतात तोच पाऊस सुरू, आणि फेब्रुवारी-मार्चची कमाई "मागच्या वर्षाची" म्हणून खर्च झालेली. नोव्हेंबरपासून मोजलं की सीझनच्या पहिल्याच दिवशी कळतं, यातले 65 हजार पुढच्या पावसाळ्याचे आहेत.

चौथी तपासणी: वर्षातून एकदाच येणारे खर्च

इथे जरा वेळ द्या. मी ज्यांचे हिशेब दुरुस्त केले त्यांतल्या बहुतेकांचं भोक याच जागी होतं, आणि ते दिसत नाही कारण दर महिन्याच्या यादीत हे खर्च नसतातच. शाळेची फी. आरोग्य विमा. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग. स्वतःचं घर असेल तर महापालिकेचा मिळकतकर. व्यवसाय करायचा म्हणून भरावा लागणारा राज्याचा व्यवसायकर, वर्षाला 2,500 रुपये. दिवाळी. गावची जत्रा. घरातलं एखादं लग्न-मुंज आणि त्यातला आहेर. हे अचानक आलेले खर्च नव्हेत. तारीख आणि आकडा दोन्ही आधीपासून माहीत असतात.

फोटोग्राफरचे असे खर्च: फी 42 हजार, आरोग्य विमा 19 हजार, गाडी 7 हजार, दिवाळी 15 हजार, व्यवसायकर 2,500. एकूण 85 हजार 500. आता वजाबाकी बघा. मे-अखेरचे 1 लाख 80 हजार, त्यातून पावसाळ्याची तूट 65 हजार गेली, हे 85 हजार गेले, राहिले 30 हजार. त्याचं त्या वर्षीचं ध्येय होतं दीड लाखाचा नवा कॅमेरा.

तो कागदाकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी दरवर्षी न होणाऱ्या गोष्टीसाठी बायकोशी भांडत होतो." हा क्षण मी खूपदा पाहिला आहे. प्रत्येक वेळी वाटतं, हा कागद यांच्या हातात पाच वर्षं आधी पडायला हवा होता.

म्हणून ध्येय वरून उतरवू नका, खालून काढा: वर्षाची कमाई, वजा धंद्याचा खर्च, वजा बारा महिन्यांचं घर, वजा एकदाच येणारे खर्च. उरेल ते ध्येय. फोटोग्राफरने 24 हजारांचं पक्कं ध्येय धरलं आणि त्यावर एक अट ठेवली: एखाद्या महिन्यात घरात 60 हजारांच्या वर आले, तर वरच्यातला निम्मा भाग कॅमेऱ्याला. दीड लाखाला तीन वर्षं लागली. पण त्या तीन वर्षांत मुदत ठेव एकदाही मोडली नाही.

पाचवी तपासणी: बचतीचं साधन तुमच्या कमाईला शोभतं का?

दर महिन्याच्या पाच तारखेला ठरावीक रक्कम कापणारी योजना पगारदारासाठी बनलेली असते. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत हप्ता चुकला की शंभर रुपयांमागे एक रुपया दंड पडतो आणि सलग चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं. एसआयपीचे सलग तीन मासिक हप्ते परत गेले तर ती बंद पडते, शिवाय प्रत्येक वेळचा बँकेचा दंड वेगळा.

पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं, मात्र आपल्यासारख्यांना सोयीचं आहे. वर्षाला किमान 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख, त्यात कधी आणि किती भरायचं ते तुमच्या हातात. पाच तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याजही मिळतं. अट एकच, ते 15 वर्षांचं खातं आहे. पावसाळ्याचे 65 हजार तिथे टाकायचे नाहीत. म्युच्युअल फंडात जायचं असेल तर एसआयपीची रक्कम सर्वांत कोरड्या महिन्यालाही झेपेल एवढीच ठेवा आणि सीझनमध्ये वरून एकरकमी भरा.

पेठांमध्ये भिशी जोरात चालते आणि तिने कित्येकांची शिलाई यंत्रं, दुकानाची डिपॉझिटं उभी केली आहेत, हे मी मानते. पण तिचा हप्ता ऑगस्टमध्येही द्यावाच लागतो आणि चालवणारा बुडाला तर दाद मागायला हातात फारसं काही नसतं. कोरड्या महिन्यासाठीचा पैसा भिशीत ठेवू नका.

सहावी तपासणी: धरण आहे का?

इथून थोडी शिस्त लागते. पुणं चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने पाणी पितं, ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर भरून ठेवतात म्हणून. जुलैत पडलेला पाऊस जुलैतच नळाला सोडला तर मार्चमध्ये शहर कोरडं पडेल. आपल्या एकाच बचत खात्यात नेमकं तेच चाललेलं असतं.

दोन खाती करा. सगळी कमाई एका खात्यात. त्या खात्याचं डेबिट कार्ड खिशात ठेवायचं नाही, मोबाइलवरचं यूपीआय त्याला जोडायचं नाही. ते धरण. दर महिन्याच्या एक तारखेला तिथून घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम सोडायची, जास्त नाही आणि कमीही नाही. ते आवर्तन. फोटोग्राफरसाठी ते 28 हजार होतं. डिसेंबरमध्ये लाख आले तरी 28, जुलैत 12 आले तरी 28. धंद्याचा खर्च धरणातूनच, पण वेगळ्या वहीत लिहून.

आवर्तन किती हे एकदाच ठरवून चालत नाही. धरणातला साठा बघून कालवा सल्लागार समिती पाण्याच्या पाळ्या ठरवते, तशी घरातली समिती दर तीन महिन्यांनी बसवा. नवरा, बायको आणि कळती मुलं. साठा किती, कोरडे महिने किती उरलेत, आवर्तन तेच ठेवायचं की कमी करायचं? कमी करायचं असेल तर सगळ्यांना कारण माहीत असतं, मग चिडचीड होत नाही. आमच्या मुलीने आठवीत असताना या बैठकीत स्वतःहून सांगितलं होतं की यंदाची सहल नको, पुढच्या वर्षी जाईन. मी तिला सहलीला पाठवलं, कारण साठा पुरेसा होता आणि तो कागदावर दाखवता आला.

आणि तळाशी मृतसाठा, धरणातलं एरवी न वापरायचं पाणी असतं तसा. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा आमच्याकडे चार महिन्यांचा घरखर्च बाजूला होता. तो जुलैत संपला आणि पुढचे महिने माझ्या एकटीच्या कामावर काढले. त्यानंतर आम्ही तो सहा महिन्यांचा केला, दोन वर्षं लागली. आजारपण किंवा काम पूर्ण थांबणं, याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तो बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवींना एका खातेदारामागे, त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांचं मिळून, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही, व्याज कितीही चढं असलं तरी.

सातवी तपासणी: येणी

आता लोकांशी बोलावं लागतं, म्हणून ही खाली ठेवली. केलेल्या कामाचे न आलेले पैसे लिहून काढा: कोण, किती, बिल कधी दिलं. सुतारकाम करणाऱ्या एका गृहस्थांची अशी येणी 2 लाख 10 हजार निघाली आणि त्याच वेळी ते कार्डावर महिन्याला 3 ते साडेतीन टक्के व्याज भरत होते. म्हणजे वर्षाला 36 ते 42 टक्क्यांनी कर्ज काढून ते दुसऱ्याला बिनव्याजी उधार देत होते.

दोन गोष्टी करा. पुढच्या कामापासून टप्पे लेखी ठरवा: सुरुवातीला, मध्यावर आणि काम ताब्यात देण्याआधी. शेवटचा टप्पा लहान ठेवा, कारण अडकतो तो तोच. आणि कंपन्यांची कामं करत असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. ती केंद्र सरकारच्या पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते, पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर व्याज मागता येतं आणि केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत सहसा जावं लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की हिशेब विभागातला फोन लवकर उचलला जातो, हा माझा अनुभव.

कंपन्यांनी कापलेला टीडीएसही, म्हणजे तुमच्या बिलातून आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर, येण्यांतच धरा. तुमच्या पॅनवर किती जमा झालाय ते आयकराच्या पोर्टलवर दिसतं. कर लागत नसला तरी रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही. आळसापोटी दरवर्षी पाच-सात हजार सोडून देणारी माणसं माझ्यासमोर बसली आहेत.

आठवी तपासणी: कमाईच कमी आहे का?

सगळं करूनही वर्षाची वजाबाकी उणे येत असेल तर खात्यांच्या मांडणीने ती अधिक होणार नाही. मग दर, कामाचा प्रकार किंवा कोरड्या महिन्यांतलं दुसरं काम, यांवर विचार करावा लागतो. दर वाढवणं अवघड वाटतं, पण नव्या ग्राहकाला नवा दर आणि जुन्याला पुढच्या सीझनपासून, असं केलं तर जमतं. तबल्याच्या मास्तरांनी मे महिन्यात शिबिरं सुरू केली, कारण त्यांच्या शिकवण्या तेव्हाच बंद असायच्या. इथे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. वजाबाकीचा कागद समोर असेल तर किमान किती कमी पडतंय हे माहीत असतं, आणि महिन्याला चार हजार कमी पडणं आणि पंधरा हजार कमी पडणं यांवरचे मार्ग वेगळे असतात.

कुठे थांबायचं

एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरत असाल तर वरच्या तपासण्या थांबवा. आधी बँकेत जाऊन ते देणं कमी व्याजाच्या हप्त्यांमध्ये बदलून घ्या. हप्ता थकण्याआधी गेलात तर बँक बोलायला तयार असते.

व्यवसायाची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली तर सेवा देणाऱ्यांना जीएसटी नोंदणी लागते. त्या आकड्याकडे सरकू लागलात की सीए गाठा. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर 10 हजारांवर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, उत्पन्न दाखवत असाल तर सगळा 15 मार्चपर्यंत. यातलं आपल्याला काय लागू हे सीएकडूनच ठरवून घ्या. आयकराची नोटीस आली असेल तर मित्राला विचारून उत्तर देऊ नका.

मोठी रक्कम कुठे गुंतवायची हे ठरवायचं असेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेला सल्लागार शोधा आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. दरमहा ठरावीक टक्के नफ्याची हमी देणाऱ्याकडे जाऊच नका, तो नात्यातला असला तरी.

खासगी सावकाराचा पैसा घेतला असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने सावकारीला परवाना लागतो. नसेल, किंवा धमक्या येत असतील, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते आणि धमकीसाठी पोलीस आहेत. हे एकट्याने सोसू नका, घरात सांगा. देण्यांमुळे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि यांतल्या कुणाकडेही जाताना पहिल्या तपासणीतला बारा महिन्यांचा कागद बरोबर न्या. सीए, बँकेतला अधिकारी किंवा सल्लागार पहिल्यांदा तोच मागणार आहे.